भाता कुठे गेला? आठ वर्षांच्या मुलीसाठी कीबोर्ड निवडण्याचे एक प्रकरण

2023 च्या जून महिन्यात माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी कीबोर्ड घ्यायचे ठरले आणि त्या खरेदीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत गुंतलो. मिरजेत गेली अनेक वर्षे मी पेटी आणि कीबोर्ड शिकवतो, त्यामुळे ‘सर, कुठला घेऊ?’ हा प्रश्न दर जूनमध्ये पाच-सहा पालक तरी विचारतात आणि मी बहुतेकांना दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो. या घराच्या बाबतीत तसे जमले नाही. आधी एक खरेदी फसलेली होती, पैसे मोजके होते, घरात पन्नास वर्षे पेटी वाजवलेले आजोबा होते, आणि त्या आजोबांनी घेतलेला आक्षेप इतका रास्त होता की त्याचे उत्तर शोधताना माझ्याच शिकवण्यातली एक उणीव माझ्या लक्षात आली. म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवतो आहे.

मुलगी आणि घर

मुलगी त्या वेळी आठ वर्षांची, नुकतीच तिसरीत गेलेली. वडील इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेसमध्ये कामाला, दर आठवड्याला पाळी बदलणारी. आई घरी शिवणकाम करते. आजोबा भजनी मंडळात पेटीची साथ करतात. आठवड्यातून दोन दिवस मुलगी माझ्याकडे येई आणि वर्गातल्या कीबोर्डवर वाजवी, आणि उरलेल्या दिवशी सराव आजोबांच्या पेटीवर होई. चार महिने असेच चालले. सूर ओळखणे, बोटांचे क्रमांक, सरळ अलंकार यांत तिची प्रगती चांगली होती.

एक गोष्ट मात्र खटकत होती. वर्गात ती वाजवायला बसली की प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा पडे, जणू कोणी टाइपरायटरवर अर्ज बडवते आहे. समेवर जोर नाही, ओळ संपताना हात सैल पडत नाही. मी तिच्या घरी गेलो तेव्हा तीच धून ती पेटीवर वाजवत होती आणि ती कितीतरी गोड लागत होती. थोडा वेळ मी तिच्या बोटांकडेच पाहत राहिलो, आणि मग नजर आजोबांच्या हाताकडे गेली. मुलीचा डावा हात भात्यापर्यंत नीट पोहोचत नसल्यामुळे भाता आजोबा मारत होते. ओळ उचलताना ते भाता भरून घेत, शेवटच्या सुरावर हात अलगद सोडून देत. सूर नातीचे होते आणि त्यातली चढउतार आजोबांची होती. मुलीचा डावा हात या सगळ्यात मांडीवर स्वस्थ पडलेला असे.

तेव्हा घरी स्वतंत्र वाद्य हवे, यावर कोणाचेच दुमत नव्हते. अंदाजपत्रक स्टँडसह बारा हजार रुपयांचे होते, आणि ते आणखी ताणले तर शाळेच्या खर्चाला कात्री लागणार होती.

फसलेली खरेदी

त्याआधी एप्रिलमध्ये, मुलीच्या वाढदिवसाला, वडिलांनी मोबाइलवरून अडीच हजारांना एक ‘टच पियानो’ मागवला होता. खोक्यातून निघाली ती सिलिकॉनची गुंडाळी, 49 पट्ट्यांची, चटईसारखी टेबलावर पसरायची. पट्टी दाबली तर खाली जायला जागाच नव्हती, आणि कडेला सुरकुती पडली की तिथले सूर कधी उमटत, कधी उमटत नसत. जाहिरातीत ‘सॉफ्ट टच’ असे छापलेले होते आणि ते खोटेही म्हणता येणार नाही, कारण ती चटई हाताला मऊच लागत होती. मुदतीत परत पाठवल्यामुळे पैसे मिळाले, पण वडिलांचा ‘टच’ या शब्दावरचाच विश्वास उडाला.

त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. बाजारात हा एक शब्द तीन अर्थांनी फिरतो. मऊ लागणाऱ्या पट्ट्यांना टच म्हणतात, मोबाइलसारख्या बोट टेकवण्याच्या पडद्यालाही टच म्हणतात, आणि पट्टी जशी दाबली तसा आवाज लहानमोठा होण्यालाही टच म्हणतात. आपल्याला हवा असतो तो तिसरा, आणि खोक्यावर त्याच्यासाठी बहुधा ‘टच रिस्पॉन्स’ किंवा ‘टच सेन्सिटिव्ह’ असे शब्द असतात. मिरजेत तानपुरा घ्यायला आलेला माणूस भोपळ्यावर टिचकी मारून, जवारी ऐकून, तार छेडून मगच पैशाचे बोलतो. त्याच गावातला माणूस कीबोर्ड मात्र फोटो पाहून मागवतो, ही मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

पट्टीखाली काय असते

वडील यंत्रावर काम करणारे असल्यामुळे त्यांना आतली रचना सांगणे हाच सोपा मार्ग होता. माझ्याकडे बंद पडलेला एक जुना कीबोर्ड आहे, तो उघडून दाखवला. पट्ट्यांखाली रबराचा लांब पट्टा असतो आणि त्याच्यावर प्रत्येक पट्टीसाठी फुगवटे असतात. टच नसलेल्या कीबोर्डमध्ये एका पट्टीला एकच संपर्क पुरतो, दाबले की आवाज सुरू, सोडले की बंद, म्हणजे दाराच्या घंटीच्या बटणासारखे. टच असलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात आणि ते एकदम जुळत नाहीत. पट्टी खाली जाताना एक आधी जुळतो, दुसरा क्षणभराने. या दोन क्षणांमधला वेळ आतली चिप मोजते. वेळ कमी म्हणजे पट्टी वेगाने खाली गेली, म्हणून सूर मोठा. वेळ जास्त म्हणजे सूर लहान.

याचा एक परिणाम पालकांना सहसा ठाऊक नसतो. कीबोर्ड बोटाचा जोर मोजत नाही, वेग मोजतो. पट्टीवर बोट टेकवून अगदी सावकाश, पण पूर्ण ताकदीने दाबले तर सूर मंदच येतो. वडिलांनी वर्गातल्या चालू कीबोर्डवर हे चार-पाच वेळा करून पाहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे हे लूमच्या सेन्सरसारखंच की.” त्यानंतर टच या शब्दाबद्दल त्यांची तक्रार राहिली नाही.

मोजलेला वेग पुढे आकड्यात बदलतो. वाजवलेले सूर आकड्यांत कळवण्याच्या, 1983 मध्ये आलेल्या मिडी या पद्धतीत हा आकडा 1 ते 127 यांच्यामध्ये असतो, आणि आजचे साधे कीबोर्डही यूएसबीच्या वायरने हेच आकडे मोबाइलला पाठवू शकतात. ते दाखवणारी ॲप फुकट मिळतात. पुढे आजोबांशी झालेल्या चर्चेत मला याचा फार उपयोग झाला.

आजोबांचा आक्षेप

आजोबांचे म्हणणे सरळ होते. “सर, पेटीला कुठं असतोय टच? पन्नास वर्षं वाजवतोय, एवढं हलकं दाबा नाहीतर जोरानं दाबा, सूर तेवढाच येतोय. मग हिला कशाला पाहिजे? बिनटचाचा घ्या, उरलेल्या पैशात हिचं दप्तर येईल.”

पेटीबद्दल ते अक्षरश: खरे बोलत होते. पेटीची पट्टी दाबली की आतली झडप उघडते, हवा सुरातून, म्हणजे आतल्या धातूच्या पातळ पत्तीतून जाते आणि सूर बोलतो. तो किती मोठा बोलणार हे हवेच्या दाबावर ठरते आणि हवेचा दाब भात्यावर. बोटाने झडप फक्त उघडायची आणि मिटायची. म्हणूनच पेटीवाल्याची कसब अर्धी उजव्या हातात आणि अर्धी डाव्या हातात असते, आणि चांगला साथीदार गायकाच्या श्वासाबरोबर भाता कमीजास्त करतो. टच नसूनही पेटी रसाळ वाजते, ती या डाव्या हातामुळे.

मी त्यांना वर्गातल्या कीबोर्डवर बसवले. आधी सेटिंगमध्ये जाऊन टच बंद केला, पियानोचा आवाज लावला, त्यांचा सा काळी चारचा म्हणून ट्रान्स्पोज, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवण्याची सोय, तिथे नेला, आणि त्यांना नेहमीचा एक अभंग वाजवायला सांगितले. त्यांनी सुरुवात केली. पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांचा डावा हात आपोआप कीबोर्डच्या मागच्या कडेकडे गेला आणि तिथे हवेत दोनदा हलला. त्यांच्या ते लक्षात आले आणि ते हसले. भाता नव्हता.

मग मी मोबाइल जोडून पडद्यावरचे आकडे त्यांना दाखवले. टच बंद असताना हलके दाबा की जोराने, प्रत्येक सुरासमोर एकच आकडा येत होता. टच चालू करून तोच अभंग पुन्हा वाजवायला लावला, तर आकडे बदलू लागले, पण फार नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांची बोटे सगळ्या पट्ट्या सारख्याच दाबत होती. शेवटी मी त्याच दोन ओळी वाजवल्या आणि आकडे चाळीसच्या आसपासपासून शंभराच्या पुढे जाऊन परत उतरताना दिसले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. मग विचारले, “म्हणजे भाता बोटात आलाय?”

यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते. पेटीत आवाज भरण्याचे काम एका हाताचे आणि सूर निवडण्याचे काम दुसऱ्या हाताचे असते. कीबोर्डमध्ये हवा नाही आणि डावा हात कॉर्डला, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांना लागलेला असतो, त्यामुळे सूर निवडायचे आणि भरायचे ही दोन्ही कामे बोटांवरच येतात, आणि बोटांचे ऐकणारे काही पट्टीखाली नसेल तर ते काम होतच नाही. पियानोचे नावच मुळी ‘मंद’ आणि ‘मोठा’ या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरून आले आहे. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने तो घडवला तेव्हा नवेपण यातच होते की बोटाच्या फटक्याप्रमाणे सूर लहानमोठा निघत होता. त्या वाद्याचा आवाज घेऊन त्याचा तो गुणच काढून टाकलेला कीबोर्ड मुलांना द्यायचा, याला मला तरी अर्थ वाटत नाही.

आजोबांनी आणखी एक पर्याय सुचवला, व्हॉल्यूमचे बटण फिरवत वाजवायचा. भजनात काही वादक असे करतातही. पण त्यासाठी एक हात बटणावर ठेवावा लागतो, आणि मग आठ वर्षांच्या मुलीचा डावा हात पुन्हा कॉर्डवाचून रिकामाच राहतो.

या सगळ्यात माझी उणीव कुठे दिसली तेही लिहितो. चार महिने मी या मुलीला ‘हळू वाजव’ म्हणत होतो आणि ती दर वेळी लय उतरवत होती. आपल्याकडे ‘हळू’ म्हणजे सावकाशही आणि ‘हळू’ म्हणजे मंद आवाजातही. ‘हळू बोल’ म्हटले की मूल आवाज कमी करते आणि ‘हळू चाल’ म्हटले की वेग कमी करते. ‘हळू वाजव’ म्हटल्यावर यातले नेमके काय करायचे हे तिला कळायला मार्गच नव्हता, शिवाय घरी आवाज कमी करणे हे आजोबांचे काम होते. त्या दिवसापासून लयीसाठी मी ‘सावकाश’ म्हणतो आणि आवाजासाठी ‘हलक्या बोटाने’ म्हणतो.

पर्यायांची छाननी

टच हवा हे ठरल्यावर यादी आपोआप आटोपशीर झाली. खेळण्यांतले लहान पट्ट्यांचे कीबोर्ड प्रथम वगळले. पट्टीची रुंदी लहान असेल तर बोटांना चुकीच्या अंतराची सवय लागते आणि मोठ्या वाद्यावर गेल्यावर ती मोडावी लागते. पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटरचा असतो. 61 पट्ट्यांचा, म्हणजे पाच सप्तकांचा कीबोर्ड एक मीटरच्या आत बसतो आणि प्राथमिक शिक्षणाला तो पुष्कळ पुरतो. 88 पट्ट्यांचे, वजनदार पट्ट्यांचे डिजिटल पियानो या किमतीच्या जवळपासही नव्हते.

भारतीय ठेके आणि तबला, तानपुरा यांचे आवाज असलेले खास भारतासाठीचे कीबोर्ड, उदाहरणार्थ यामाहाचा पीएसआर-आय500 किंवा कॅसिओचा सीटी-एक्स9000आयएन, यांवर आजोबांचे मन होते. त्यांत टच आहे आणि भजनाच्या साथीला ते सोयीचेही आहेत, पण किंमत अंदाजपत्रकाच्या जवळजवळ दुप्पट होत होती. मंडळासाठी वर्गणी काढून घ्यायला ते चांगले, तिसरीतल्या मुलीच्या सरावाला त्यांची गरज नव्हती.

खरी निवड दोन जोड्यांमध्ये होती, आणि या जोड्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत. यामाहाचे पीएसआर-ई273 आणि पीएसआर-ई373 ही एक जोडी. दोन्हींत पूर्ण आकाराच्या 61 पट्ट्या, पण टच फक्त 373 मध्ये. कॅसिओचे सीटी-एस200 आणि सीटी-एस300 ही दुसरी जोडी. ही तर जुळ्या भावंडांसारखी आहे. दोन्हींत 61 पट्ट्या, दोन्हींत 400 आवाज आणि 77 ठेके, दोन्हींना उचलायला मूठ, दोन्ही पेन्सिल सेलवर चालणारे. 300 मध्ये जास्तीचे आहे ते टच आणि सूर ताणायचे चाक. दुकानदार सहसा आवाजांची आणि ठेक्यांची संख्या सांगतात, आणि त्या आकड्यांवरून पाहिले तर 200 घेणाऱ्याला वाटते की आपण तेच वाद्य स्वस्तात घेतले.

यामाहाच्या 373 चे पियानोचे आवाज माझ्या कानाला अधिक भरीव वाटतात, हे मान्य करतो. पण तो स्टँडसह बारा हजारांत बसत नव्हता, आणि वडिलांच्या पाळीमुळे मुलीला वर्गाला आजोबाच स्कूटरवरून आणत असल्याने वजनालाही महत्त्व होते. एस300 चे वजन सेलशिवाय 3.3 किलो आहे. आठ वर्षांची मुलगी तो मुठीला धरून खोलीतून खोलीत नेऊ शकते.

मधे एक जुना कीबोर्डही पाहून आलो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या एका वादकाने तो विकायला काढला होता, नामांकित कंपनीचा, टच असलेला, सात हजारांत. मी टच चालू ठेवून डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सारख्याच हलक्या बोटाने वाजवत गेलो. मधल्या सप्तकातला कोमल गंधार आणि वरचा पंचम दर वेळी किंचाळत होते. दोन संपर्कांपैकी एकाशी धूळ किंवा झीज असली की चिपला वेळेचा हिशेब चुकीचा मिळतो, आणि मग एखादी पट्टी कायम मोठ्याने ओरडते किंवा मुकी होते. साफ करून ती बहुधा सुधारली असती, पण नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या कानाला अशा दोन पट्ट्या रोज ऐकवायला मी तयार नव्हतो. मोठ्या माणसाला मी तोच घ्यायला सांगितला असता.

दुकानात

सांगलीच्या दुकानात आम्ही चौघे गेलो. विक्रेत्या मुलाने उत्साहाने एक कीबोर्ड चालू केला, ठेका लावला, ऑर्गनचा भरगच्च आवाज निवडला आणि दोन बोटांनी एक नाचाचे गाणे वाजवून दाखवले. मुलगी अर्थातच हरखून गेली. मी ठेका बंद करायला सांगितला.

ऑर्गनच्या आवाजावर टच तपासणे व्यर्थ असते. खऱ्या ऑर्गनमध्ये पट्टी कशीही दाबली तरी नळीतली हवा तेवढीच जाते, म्हणून कीबोर्डमधला ऑर्गनही बहुतेक वेळा एकाच वजनाने वाजतो, टच असला तरीही. त्यामुळे चांगला कीबोर्ड बिनटचाचा वाटू शकतो आणि बिनटचाचा कीबोर्ड त्याच्या बरोबरीचा वाटू शकतो. पियानोचा पहिला आवाज, ठेका बंद, व्हॉल्यूम अर्धा, एवढे करून मी मुलीला एकच पट्टी आधी मांजराच्या पावलाने आणि मग दारावर थाप मारल्यासारखी वाजवायला सांगितली. दोन्ही वेळा सूर एकसारखा आला.

खोके पाहिले तर ते एस200 होते. आम्ही फोनवर 300 चीच चौकशी केली होती आणि भावही त्याचाच विचारला होता. विक्रेता म्हणाला, “एकच आहे काका, फक्त नंबर वेगळा.” त्याचा हेतू वाईट होता असे मला वाटले नाही, त्याला खरोखरच फरक ठाऊक नसावा. आतून 300 आणवला, मुलीने पुन्हा तीच पट्टी तशीच दोनदा वाजवली, आणि या वेळी तिने मान वर करून आजोबांकडे पाहिले. आजोबा म्हणाले, “हा बोलतोय.”

त्यानंतर मी 61 च्या 61 पट्ट्या एकेक करून वाजवल्या. याला तीन मिनिटे लागतात आणि विक्रेते कंटाळतात, तरी नव्या वाद्यातही हे करावेच. सगळ्या पट्ट्या एकसारख्या बोलल्या. कीबोर्ड साडेअकरा हजारांच्या आसपास पडला, आणि एक्स आकाराच्या लोखंडी स्टँडमुळे हिशेब बाराच्या थोडा वर गेला. वरचे पैसे आजोबांनी बंडीच्या खिशातून काढले. पायाने दाबायचे सस्टेन पेडल विक्रेता आग्रहाने देत होता; ते मी पुढच्या वर्षावर ढकलले, कारण खुर्चीवर बसून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

घरी

पहिल्याच संध्याकाळी एक अनर्थ थोडक्यात टळला. कीबोर्डबरोबर आलेला अडॅप्टर लांबच्या प्लगपर्यंत पोहोचेना, म्हणून घरातल्या जुन्या रेडिओचा लांब वायरचा अडॅप्टर कोणीतरी काढला. पिन बरोबर बसत होती. सुदैवाने वडिलांनी आधी मला फोन केला. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असे नसते. व्होल्टेज कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलते, एस300 ला साडेनऊ लागतात तर यामाहाच्या अनेक कीबोर्डना बारा. काही अडॅप्टरमध्ये मधली पिन धन असते, काहींत ऋण. ही खूण अडॅप्टरवर आणि कीबोर्डच्या मागे छापलेली असते, आणि दोन्ही तंतोतंत जुळत नसतील तर वायर जोडूच नये. शेवटी त्यांनी प्लगचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. वीज गेली तर सहा पेन्सिल सेलवर सराव चालतो. सुट्टीत गावाला जाताना मात्र सेल काढून ठेवायला सांगितले आहे, ते आत पाझरले की कीबोर्ड घेऊन माझ्याकडेच येतात.

स्टँडची उंची मी स्वतः लावली. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवे. सर्वसाधारण खुर्चीवर तिचे खांदे वर उचलले जात होते, म्हणून खुर्चीवर घडी केलेली सतरंजी आणि पायाखाली आईच्या शिवणकामाची लाकडी पेटी, अशी व्यवस्था झाली.

टचचे सेटिंग लहान मुलांसाठी सर्वांत सोपे ठेवावे, असे काही जण सांगतात, म्हणजे थोड्या वेगातही मोठा आवाज यावा. मी तसे करत नाही. या वाद्याच्या पट्ट्या मुळातच हलक्या आहेत, आठ वर्षांच्या बोटाला त्या पुरेशा ऐकतात, आणि फार सोपे केले की हलके वाजवण्याची जागाच उरत नाही. नेहमीचेच सेटिंग ठेवले आणि व्हॉल्यूमच्या बटणावर एका ठिकाणी चिकटपट्टीची खूण केली, कारण व्हॉल्यूम रोज वेगळा असेल तर बोटाने किती दिले हे कानाला कळत नाही.

सरावाला दोनच गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे सा ते वरचा सा चढताना हलक्या बोटाने सुरू करून वाढवत जायचे आणि उतरताना कमी करत यायचे, लय न बदलता. दुसरी म्हणजे आजोबांनी पेटीवर भाता जसा मारला तशी तीच ओळ कीबोर्डवर वाजवायची. दुसरी गोष्ट मी गमतीने सांगितली होती, पण खरा फरक तिनेच पडला. आजोबा पेटीवर ओळ वाजवत, मुलगी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत बसे आणि मग कीबोर्डवर जाऊन तो हात बोटांनी शोधे.

गणपतीपर्यंत ओळीच्या शेवटी तिचे बोट सैल पडू लागले होते. डावा हात अजून मागे होता आणि आजही थोडा मागे आहे. कॉर्ड बदलताना तो उजव्या हाताला थांबवतो. पुढे तिला पियानोच्या परीक्षा द्यायच्या झाल्या तर हलक्या पट्ट्यांचे हे वाद्य पुरणार नाही, हे मी वडिलांना तेव्हाच सांगून ठेवले आहे.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ सांगण्यासारखी आहे. तिच्या आधीच्या तुकडीतल्या एका मुलाने वर्गातल्या कीबोर्डची बटणे दाबता दाबता टच बंद करून ठेवला होता. मी दुसऱ्या टोकाला एकाला पेटी शिकवत होतो, खोलीत गलका होता, आणि माझ्या काही लक्षात आले नव्हते. ती बसली, दीड ओळ वाजवून थांबली, एक पट्टी हलक्या बोटाने आणि मग थाप मारून वाजवून पाहिली, आणि तिथूनच ओरडली, “सर, याचा भाता गेलाय.”